एक खोली वाढवायची आहे: ठाणे-नवी मुंबईत मोठं घर विकत घ्यावं की भाड्याने?

वन बीएचके अपुरा पडू लागला की ठाण्यात बहुतेक घरांत बोलणं दोन गोष्टींवर येतं: घोडबंदरला सध्या काय भाव चाललाय आणि बँक किती कर्ज देईल. भाड्याने मोठं घर घ्यायचा विषय निघालाच, तर ‘स्वतःची जागा असताना लोकांना भाडं कशाला भरायचं?’ एवढ्यावर तो मिटतो. हे वाक्य बहुधा वडीलधाऱ्यांचं असतं. चाळीतल्या दोन खोल्यांतून ब्लॉकमध्ये यायला त्यांनी उमेदीची वर्षं घातलेली असतात, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण हिशेबाच्या वहीत ते वाक्य चालत नाही.

ज्यांचं एक छोटं घर आधीच आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न खरं म्हणजे एका खोलीचा आहे. ती जादा खोली विकत घेतली तर महिन्याला कितीला पडते, भाड्याने घेतली तर कितीला, आणि ती किती वर्षं लागणार आहे? हे तीन आकडे हातात येईपर्यंत साइट व्हिजिटला जाऊ नये, असं मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगतो. सॅम्पल फ्लॅट बघून आल्यावर हिशेबाला बसलं की आकडे आपोआप सॅम्पल फ्लॅटच्या बाजूने झुकतात.

पायरी १: खोली कोणासाठी, किती वर्षं

हे कागदावर लिहा, तोंडी नको. मुलगी नववीत आहे आणि तिला अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी, असं असेल तर पुढे चार वर्षं लिहा. बारावीनंतर ती पुण्याला किंवा आणखी लांब शिकायला गेली, तर ती खोली गणपतीत आणि मे महिन्यातच वापरली जाईल. मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर पंधरा वर्षं लिहायला हरकत नाही. गावाहून आई-वडील कायमचे राहायला येणार असतील तर मुदत लांबची आहेच, शिवाय लिफ्ट, जवळचं रुग्णालय, संध्याकाळी बसायला एखादा कट्टा या गोष्टी कार्पेट एरियाइतक्याच महत्त्वाच्या होतात. घरून काम आहे म्हणून खोली हवी असेल तर मुदत तुमच्या हातात नाही, कंपनीच्या हातात आहे. तिथे दोन वर्षांच्या पुढचं धरूच नका.

आकडा लिहून झाला की घरात एकदा मोजपट्टी फिरवा. हॉलमधला दिवाण, बंद पडलेलं शिलाई मशीन, लग्नात आलेलं आणि कधीही न उघडलेलं डिनर सेटचं खोकं, माळ्यावर न मावलेल्या बॅगा यांनी मिळून किती चौरस फूट खाल्लेत ते बघा. ४०० चौरस फुटांच्या घरात ३० फूट अडलेले निघाले तर ती मधल्या पॅसेजइतकी जागा झाली. भंगारवाल्याला बोलावून प्रश्न सुटत नाही, पण कधी कधी वर्षभर पुढे ढकलता येतो, आणि त्या वर्षात बरंच काही स्पष्ट होतं.

पायरी २: रिडेव्हलपमेंट आणि शेजारचा फ्लॅट

नौपाडा, पाचपाखाडी, चरई, उथळसर किंवा वाशीतल्या जुन्या सेक्टरांत तुमचं घर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर वाढीव कार्पेट एरिया, बांधकामाच्या काळातलं भाडं आणि वर कॉर्पस, म्हणजे विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम, असं सगळं आहे त्या जागेच्या बळावर मिळू शकतं. अशा वेळी घाईने वन बीएचके विकणारा माणूस आपली वाढीव खोली खरेदीदाराला फुकटात देऊन जातो.

मात्र ‘बोलणी चालू आहेत’ याला काडीची किंमत देऊ नका. ठाण्यात दहा-दहा वर्षं बोलणी चालू असलेल्या इमारती आहेत. विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. ५१ टक्के सभासदांची संमती होऊन विकासक रीतसर नेमला गेलाय का? महापालिकेकडे नकाशे गेलेत का? बँक गॅरंटीचं काय ठरलं? पर्यायी जागेचा करार प्रत्येक सभासदाच्या नावाने नोंदणीकृत होणार आहे ना? यातलं काहीच झालेलं नसेल तर रिडेव्हलपमेंट हिशेबात धरू नका. विकासक नेमलेला असेल, तर सध्या भाड्याने मोठ्या घरात जाऊन थांबणं हा बहुतेकांसाठी सरळ मार्ग आहे.

दुसरी शक्यता जोडफ्लॅटची. शेजारचा फ्लॅट विकायला निघाला तर शाळा, डॉक्टर, भाजीवाली आणि माणसं न बदलता घर मोठं होतं. दोन घरं जोडताना बीम-कॉलमला हात लागणार नाही याची स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून खात्री करून घ्या, महापालिकेची परवानगी आणि सोसायटीचं ना हरकत पत्र घ्या, आणि दोन्ही फ्लॅटचे करार व शेअर सर्टिफिकेट वेगळेच राहू द्या. पुढे गरज संपली की मधला दरवाजा भिंतीने बंद करून एक घर भाड्याने देता येतं. किचनची एक जादा मोरी पदरात पडते, तिचं काय करायचं यावर मात्र घरात भांडण ठरलेलं.

पायरी ३: त्या खोलीचं महिन्याचं बिल काढा

खालचे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत. तुमच्या विभागातले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

समजा वर्तकनगरला तुमचा वन बीएचके आहे, कर्ज फिटलेलं आहे. विकला तर ७५ लाख येतील, भाड्याने दिला तर महिना २३ हजार. मानपाड्याला रीसेलमध्ये टू बीएचके १ कोटी ३० लाखांना आहे, तसाच फ्लॅट भाड्याने ३८ हजारांना मिळतोय.

आधी विकत घेण्याची बाजू. ठाण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ९ लाख १० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. जुनं विकताना आणि नवं घेताना दलाली १ टक्का धरली तर २ लाख ५ हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. हे झाले ११ लाख ७० हजार. रंग, कपाटं, किचनचं लाकूडकाम, सामान हलवणं यांना कितीही हात आखडता घेतला तरी ४ लाख धरा. एकूण १५ लाख ७० हजार गेले, आणि घर विकताना यातलं जवळजवळ काहीच परत येत नाही. घर घेणाऱ्याला तुमच्या लाकूडकामाचं कौतुक असतं, पण तो त्याचे पैसे देत नाही.

घराची किंमत आणि हा खर्च मिळून १ कोटी ४५ लाख ७० हजार. त्यातून जुन्या घराचे ७५ लाख वजा केले तर ७० लाख ७० हजार उरतात. त्यातले १० लाख ७० हजार बचतीतून घातले आणि ६० लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता बसतो सुमारे ५० हजार २०० रुपये.

इथे बहुतेक जण हप्त्याची तुलना भाड्याशी करतात आणि गोंधळ होतो. हप्त्यातलं मुद्दल तुमच्याच घरात जमा होतं, तो खर्च नव्हे. खर्च धरायचा तो व्याजाचा. पहिल्या पाच वर्षांत तुम्ही ३० लाखांहून थोडे अधिक हप्ते भरता आणि त्यातले साधारण २२ लाख ६० हजार व्याजात जातात. पाच वर्षांनीही कर्ज साडेबावन्न लाखांच्या आसपास शिल्लक असतं. हा आकडा बँकेच्या वेळापत्रकात असतो. सहीच्या दिवशी नको, आदल्या आठवड्यात मागून वाचा.

म्हणजे पाच वर्षं राहायचं धरलं तर महिन्याला सरासरी व्याज ३७ हजार ७००, ते १५ लाख ७० हजार साठ महिन्यांवर पसरले की २६ हजार २००, बचतीच्या पैशांवर बुडालेलं ७ टक्के व्याज ६ हजार २०० आणि मेंटेनन्स ५ हजार. एकूण सुमारे ७५ हजार. दहा वर्षं राहायचं धरलं तर हाच आकडा ५९ हजारांवर येतो, कारण सुरुवातीचा खर्च दुप्पट महिन्यांवर वाटला जातो आणि व्याजही उतरतं.

आता भाड्याची बाजू. ३८ हजार भरायचे, २३ हजार यायचे. फरक १५ हजारांचा. पण तेवढ्यावर थांबू नका. मिळणाऱ्या भाड्यातून महापालिकेचा कर आणि ३० टक्के सूट वजा होऊन उरलेल्यावर प्राप्तिकर लागतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर महिन्याला साधारण ३ हजार २०० धरा. तुमचा फ्लॅट वर्षातून एखादा महिना रिकामा राहील, त्याचे १ हजार ९००. दर दोन वर्षांनी घर बदलावं लागलं तर एक महिन्याचं भाडं दलालीला आणि टेम्पोचा खर्च, मिळून महिन्याला २ हजार ४००. स्वतःच्या फ्लॅटचा मेंटेनन्स तुमच्याच गळ्यात, २ हजार ५००. सगळं मिळून २५ हजार. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांची सरासरी सुमारे २७ हजार ६०० येते, दहा वर्षांची ३१ हजार ४००.

तर त्या एका खोलीचं बिल असं: पाच वर्षांसाठी विकत ७५ हजार, भाड्याने २७ हजार ६००. दहा वर्षांसाठी विकत ५९ हजार, भाड्याने ३१ हजार ४००.

विकत घेणाऱ्याच्या बाजूला एक गोष्ट राहिली, ती म्हणजे भाववाढ. पण १ कोटी ३० लाखांवरची सगळी भाववाढ धरायची नाही, कारण तुमचा वन बीएचकेही काही गप्प बसलेला नसतो. दोन घरांमधल्या फरकावरची, म्हणजे ५५ लाखांवरची वाढ धरायची. वरच्या आकड्यांत पाच वर्षांत ते ५५ लाख ८३ लाखांच्या पुढे गेले तरच विकत घेणारा बरोबरीला येतो. त्यासाठी दरवर्षी पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढ सलग हवी. दहा वर्षं थांबायचं असेल तर ५५ चे ८८ लाख व्हावे लागतात, म्हणजे दरवर्षी पाच टक्क्यांच्याही किंचित खाली. पहिलं होईल यावर मी माझे पैसे लावणार नाही. दुसरं शक्य वाटतं.

हा हिशेब ढोबळ आहे, आणि थोडा खरेदीच्या बाजूने झुकलेला आहे, कारण फिटत जाणाऱ्या मुद्दलावर दुसरीकडे मिळालं असतं ते व्याज मी मोजलेलं नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, ती खरेदीच्या बाजूला लावा. जुन्याच प्रणालीत भाड्याच्या बाजूला घरभाडे भत्त्याची सूट आहे. तुमचं घर भाड्याने दिलेलं असेल आणि तुम्ही खरोखर दुसरीकडे भाडं भरत असाल तर ती घेता येते. फक्त ठाणे आणि नवी मुंबई त्या नियमात ‘मुंबई’ धरली जात नाहीत, त्यामुळे मर्यादा मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची नसून ४० टक्क्यांची आहे. मुंबईतल्या मुलुंडला राहणारा सहकारी विवरणपत्रात जो आकडा भरतो तोच तुम्ही ठाण्याच्या कोपरीत राहून भरू नका. नव्या प्रणालीत या दोन्ही गोष्टी नाहीत.

माझं मत विचाराल तर पहिल्या पायरीत लिहिलेला आकडा सहाच्या आत असेल तर मोठं घर भाड्याने घ्या आणि छोटं स्वतःकडे ठेवा. दहाच्या पुढे असेल आणि पुढची पायरी पार होत असेल तर विकत घ्या. सात-आठ-नऊवाल्यांनी स्वतःच्या आकड्यांनिशी हिशेब पुन्हा मांडल्याशिवाय माझंही ऐकू नका.

पायरी ४: झेपतं का

बँक ज्या रकमेला हो म्हणते ती तुम्हाला झेपणारी रक्कम असतेच असं नाही. हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपुढे हप्ता गेला की शाळेची फी आणि आजारपण एकाच महिन्यात आलं तर क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. फ्लोटिंग, म्हणजे बदलता, दर रेपोशी बांधलेला असतो; रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता. म्हणून ६० लाखांचा हप्ता ८ टक्क्यांनी ५० हजार बसत असेल तर १० टक्क्यांनी तो सुमारे ५८ हजार होतो, आणि झेपतं का हे त्या ५८ हजारांवर ठरवा. मुदतपूर्व भरण्यावर फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला दंड नाही, त्यामुळे बोनस आला की मुद्दल मारता येतं.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे बँक कर्जात धरत नाही. ते नोंदणीच्या आधी तुमच्या खात्यात रोख हवेत. शुल्क कराराची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांतल्या जास्तीवर लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ती १ लाख ३० हजारांची होते. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या किंवा रीसेलच्या घरावर तो नाही.

पायरी ५: कुठे

इथे थोडं रेंगाळू, कारण एकाच पैशात मिळणारं घर आणि मिळणारं आयुष्य या पट्ट्यात फार वेगवेगळं आहे.

नौपाडा-पाचपाखाडीत स्टेशन पायी, बाजार पायी, गडकरी रंगायतन पायी. पण बऱ्याच जुन्या इमारतींना लिफ्ट नाही आणि पार्किंगच्या नावाने आनंद आहे. शिवाय रिडेव्हलपमेंटमुळे बाहेर पडलेली कुटुंबं शाळेसाठी त्याच भागात भाड्याने राहायला बघतात, म्हणून मोठी घरं कमी आणि भाडी चढी. तिथे भाड्याने घेताना मालकाला सरळ विचारा की ही इमारत कधी पडणार आहे. तीन वर्षांसाठी सामान लावलं आणि आठव्या महिन्यात सोसायटीची नोटीस आली, असं होऊ शकतं.

घोडबंदर रोडवर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली, ओवळा असं जसजसं आत जावं तसतशी त्याच पैशात खोली वाढते आणि संध्याकाळ आखडते. मेट्रोचं काम, अवजड वाहनं, गायमुख घाटाची दुरुस्ती हे सगळं एकाच रस्त्यावर. माझा आग्रह असतो की या पट्ट्यात विकत घ्यायचं असेल तर आधी ११ महिने तिथेच भाड्याने राहा. रविवारी सकाळी अकराला दलालाच्या गाडीतून दिसणारा घोडबंदर आणि जुलैतल्या मंगळवारी सात वाजता कापूरबावडीला बसच्या खिडकीतून दिसणारा घोडबंदर ही दोन वेगळी गावं आहेत. तेवढंही शक्य नसेल तर कामाच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसहून थेट त्या घरापर्यंत एकदा जाऊन या.

नवी मुंबईत पहिली गोष्ट तपासायची ती म्हणजे जाहिरातीतली ‘नवी मुंबई’ नेमकी कोणाच्या हद्दीत आहे. ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिकेत येतं, जिचं स्वतःचं मोरबे धरण आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा हे पनवेल महापालिकेत, जी २०१६ साली झाली. उलवे सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे. पाणी, मालमत्ता कर, कचरा सगळं त्यावर ठरतं. ठाण्यातल्या शाळेशी किंवा आई-वडिलांशी रोजचा संबंध असेल तर ऐरोली-घणसोली बघा. ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे हाकेच्या अंतरावर राहतं.

उलवे आणि पनवेलकडे प्रत्येक दलाल विमानतळाचं नाव घेतो. विमानतळ आता चालू आहे, डिसेंबर २०२५ मध्ये तिथून प्रवासी विमानं उडू लागली. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून आहे, बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून. म्हणजे या गोष्टी भावात येऊन बसल्यात. आज चालू असलेल्या सोयीचे पैसे द्या. नकाशावरच्या ठिपक्यांच्या रेषेचे देऊ नका.

घणसोली, कोपरखैरणे, नेरूळच्या गावठाणांत मोठी जागा कमी पैशात मिळते. प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेल्या या घरांचा मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षं भिजत पडलाय, आणि बँका तिथे कर्ज द्यायला सहसा तयार नसतात. इमारत धडधाकट असेल तर भाड्याने राहायला हरकत नाही. विकत मात्र नको.

कुठेही गेलात तरी फ्लॅट बघून झाल्यावर खाली वॉचमनशी पाच मिनिटं बोला. ‘टँकर रोज येतो की एक दिवसाआड?’ असा प्रश्न टाका. ‘येतो का’ असं विचारलं तर नाही म्हणेल. मग लिफ्टजवळचा सूचनाफलक वाचा. थकबाकीदारांची यादी, टँकरचं बिल, लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव, गळतीवरून झालेला पत्रव्यवहार सगळं तिथे लावलेलं असतं. घरात शिरल्यावर बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट उघडून मागच्या फळीवर हात फिरवा. ओल रंगाखाली लपते, कपाटामागे लपत नाही. आणि टू बीएचके या शब्दावर जाऊ नका. रेराचा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यातल्या व्याख्येचा, कार्पेट एरिया विचारा. बाल्कनी त्यात धरलेली नसते, दलालाच्या तोंडी आकड्यात ती असते.

पायरी ६: भाड्याने ठरलं तर

करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांचाच करार असतो हा समज सोडा, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मुलांच्या शाळेसाठी जात असाल तर ३६ महिन्यांचा मागा, वार्षिक वाढ आधीच टाकून घ्या आणि लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येणारा काळ, दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. लॉक-इन भाडेकरूला वर्षभर आणि मालकाला मात्र कधीही महिन्याची नोटीस, असे मसुदे सर्रास फिरतात. मुद्रांक शुल्क फार नाही: एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के, या बेरजेच्या ०.२५ टक्के. महिना ३८ हजार, डिपॉझिट १ लाख आणि ३६ महिने धरले तर साधारण ३ हजार ५००, वर १ हजार नोंदणी. बायोमेट्रिक घेऊन एजंट घरी येतो, त्याचे पैसे वेगळे.

‘हेवी डिपॉझिट’च्या वाटेला जाऊ नका. दहा-पंधरा लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाममात्र, ही पद्धत ऐकायला गोड आहे. पण मालकाकडे परत द्यायला पैसे नसले तर घर सोडताही येत नाही आणि राहताही येत नाही.

आणखी एक: भाड्याने घर शोधताना ‘फिश वगैरे खाता का?’ हा प्रश्न अगदी ठाण्यातही कानावर येतो. स्वतःच्या घरात तो कोणी विचारत नाही. हिशेबात याची रक्कम मांडता येत नाही, पण घरातल्या कोणाला ते फार लागणार असेल तर आधीच बोलून घ्या.

तुमचा फ्लॅट भाड्याने देताना सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लावेल. तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायचं काम आता मालक म्हणून तुमचं.

पायरी ७: विकत ठरलं तर

आधी विकायचं की आधी घ्यायचं, यावर माझा कौल आधी विकण्याला आहे. नवं घर पक्कं करून जुनं विकायला बसलं की खरेदीदाराला तुमची घाई लगेच कळते आणि तो पाच लाख पाडून मागतो. विकताना करारात ताबा शेवटच्या रकमेनंतर दोन-तीन महिन्यांनी द्यायचा असं लिहून घ्या. तेवढ्या वेळात नवं घर पक्कं होतं. नाहीच झालं तर मध्ये सहा महिने भाड्याने राहणं चुकीच्या घरात वीस वर्षं राहण्यापेक्षा स्वस्त पडतं.

जुन्या घराच्या विक्रीवरचा भांडवली नफा नव्या घरात घातला तर कर वाचतो. त्यासाठी नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात घ्यावं लागतं, नवं बांधत असाल तर तीन वर्षं मिळतात. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते भांडवली नफा खात्यात ठेवा, साध्या बचत खात्यात नको. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. तुमच्या विक्रीत तो समोरचा कापेल, तुमच्या खरेदीत तुम्ही. दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग नोटीस येते.

कागद बघताना सुरुवात भोगवटा प्रमाणपत्रापासून करा. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारवाई झाली तेव्हा रीतसर पैसे मोजून राहायला आलेली कुटुंबं रस्त्यावर आली. ‘ओसी येतेय’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आल्यावर फोन करायला सांगा. त्यानंतर पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार सलग आहेत का, शेअर सर्टिफिकेटवर आत्ताच्या विक्रेत्याचं नाव चढलंय का, सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स (जमिनीच्या मालकीचं हस्तांतरण) झालाय का, मालमत्ता कर भरलाय का. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, स्वतः शोधा आणि वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्या. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावरची; हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार हे टोकन देण्याआधी ठरवा, नंतर त्यावरून व्यवहार मोडतात.

नव्या प्रकल्पात घेत असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ आणि वाढवलेली अशा दोन्ही तारखा बघा. करार नोंदवण्याआधी विकासकाला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकदम चालू राहतं, ते तिसऱ्या पायरीतल्या हिशेबात जोडा.

रीसेलमध्ये टोकन छोटं द्या, चेकने द्या, आणि पावतीवर एक ओळ लिहून घ्या: बँकेने किंवा वकिलाने कागदपत्रांत दोष काढला तर टोकन पूर्ण परत. विक्रेता ही ओळ लिहायला कां-कूं करत असेल, तर त्याच्या कागदांत काय आहे ते त्यालाच जास्त चांगलं ठाऊक आहे; दुसरा फ्लॅट बघा.